'औदुंबर' कानाने वाचताना

बालकवींच्या 'औदुंबर'विषयी बोलणे निघाले की ते दहा मिनिटांत झाडापाशी येऊन अडते. हा औदुंबर कोण? विरक्त योगी, उदास कवी, मृत्यूची सावली, की निसर्गाच्या कुशीत लागलेली समाधी? परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत हा प्रश्न असतो, मार्गदर्शकांत असतो आणि चांगल्या समीक्षेतही असतो. तो इतक्यांदा विचारला गेला आहे की एक साधी गोष्ट नजरेआड होते. कविता आठ ओळींची आहे आणि झाड येते ते आठव्या ओळीच्या अगदी शेवटच्या शब्दात. तोवरचा सगळा प्रवास झाडाविना होतो. शीर्षकाने गुपित आधीच फोडलेले असते, तरीही कविता आपल्याला तिथवर थांबवून धरते. ती हे कशाच्या बळावर करते? माझ्या मते नादाच्या आणि घडणीच्या. अर्थाचा वाद मिटो न मिटो, 'औदुंबर'चे मोठेपण आधी कानाला पटते.

कविता इथे उतरवून देत नाही. मराठी शाळेत शिकलेल्या पुष्कळांना ती पाठ आहे. ज्यांना नसेल त्यांनी बालकवींचा कुठलाही संग्रह शेजारी उघडून ठेवावा, कारण पुढचे सगळे बोलणे ओळीवर बोट ठेवून पडताळून पाहण्याजोगे आहे.

कवीविषयी दोन शब्द पुरेत. त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० चा, खानदेशातल्या धरणगावचा. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले, तिथे या पोरसवदा कवीने कविता म्हटली आणि अध्यक्ष कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटले. नाव जन्मभर चिकटले. पुढे नगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी ते घरच्यासारखे राहिले. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त हा ठोंबरे भेटतो तेव्हा जवळचा माणूस वाटतो. ५ मे १९१८ रोजी जळगाव-भुसावळच्या मधल्या भादली स्टेशनात आगगाडीखाली सापडून ते गेले. अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. हे माहीत झाले की वाचकाला 'औदुंबर'मधल्या डोहाच्या काळ्या रंगात भादलीचे रूळ दिसू लागतात. कवीचा अंत असा कवितेच्या अंतात कालवण्याची आपल्याला फार सवय आहे. ती या लेखापुरती बाजूला ठेवू.

आता मात्रा मोजू. मात्रा मोजणे म्हणजे रसिकतेचा गळा घोटणे, असे मानणारा एक वर्ग आहे. त्यांनी निदान एकदा, याच कवितेपुरते, बोटे मोडून पाहावीत.

प्रत्येक ओळ सत्तावीस मात्रांची आहे. आठ, आठ आणि अकरा अशी तिची विभागणी पडते, आणि अकराची पुन्हा आठ आणि तीन अशी. म्हणजे आठ मात्रांची तीन भरलेली आवर्तने आणि चौथे तीन मात्रांवर तुटलेले. माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे माधव ज्यूलियन यांनी, 'छंदोरचने'त अशा आठ मात्रांच्या रचनेला पद्मावर्तनी म्हटले. पण 'छंदोरचना' १९२७ ची, आणि तेव्हा बालकवींना जाऊन नऊ वर्षे झाली होती. बालकवींकडे परिभाषा नव्हती, चाल होती. कीर्तनातल्या पदांतून, भजनांतून, बायकांच्या गाण्यांतून मराठी कानात आठ मात्रांचा हा झोका केव्हाचा मुरलेला आहे. धुमाळी आणि केरवा हे आपले घरगुती ताल आठाचेच.

चौथे आवर्तन तुटते, याचा अर्थ तिथे पाच मात्रांची जागा रिकामी राहते. ताल सांभाळून म्हणणारा तिथे नकळत थांबतो. आठ ओळींत अशा आठ रिकाम्या जागा आहेत. चित्रात मोकळी जागा असते तसाच हा थांबा कवितेच्या मांडणीचा भाग आहे. तो गाळून ओळी एकमेकींवर ढकलल्या की डोळ्यापुढची दृश्ये एकमेकांवर आदळतात. थांबा पाळला तर प्रत्येक ओळ एकेक दृश्य होऊन नीट बसते, आणि मग नजर पुढे सरकते.

एक बारकावा इथेच पाहून घेऊ, कारण पुढे त्याच्यावर बरेच अवलंबून आहे. पहिल्या दोन ओळी आणि शेवटच्या दोन ओळी लघू अक्षरावर संपतात: न, न, आणि मग र, र. मोजल्या तर या ओळी सव्वीसच मात्रांच्या भरतात. चरणाच्या शेवटी लघू आले तर ते गुरू मानायची जुनी सोय आहे. ती लावली की सत्तावीस होतात. मधल्या चारही ओळी मात्र खऱ्याखुऱ्या गुरूवर संपतात: डे, ढे, डे, डे. कागदावर हिशेब सारखाच, पण तोंडात फरक पडतो. डे, ढे हे उघडे स्वर आहेत. आवाज पुढे पाठवत राहता येतो. न आणि र बोलताना व्यंजनावरच मिटतात. कविता मिटलेल्या ओळींनी सुरू होते, मध्ये उघडते आणि शेवटी पुन्हा मिटते.

ही उघडझाप कशासाठी, ते यमकांचे शब्द पाहिले की उमजते. मधल्या चार ओळींच्या टोकाला 'कडे', 'पुढे', 'पडे', 'कडे' आहेत. यातले तीन शब्द सरळ दिशा दाखवतात आणि चौथा वाटेची पडण्याची तऱ्हा सांगतो. पहिल्या द्विपदीची टोके घेऊन जाण्याची आणि मधून जाण्याची आहेत. सातवी ओळ 'वर'वर टेकते. म्हणजे सात ओळींच्या शेवटी कुठलाही पदार्थ नाही. आहेत ती शब्दयोगी अव्यये, क्रियापदाची रूपे, दिशा. यमकाचा हिसका जिथे बसतो, जिथे कान सर्वांत जास्त टवकारलेला असतो, नेमके तिथे सातही वेळा कवी 'कुठून', 'कुठे', 'कशावर' एवढेच सांगतो. आठव्या ओळीच्या टोकाला प्रथमच एक नाम येते, आणि ते झाडाचे नाव असते. सात वेळा पुढे ढकलले गेलेले यमक आठव्या खेपेला बूड टेकते. थांबवून धरणे म्हणतो ते हे.

क्रियापदांची रांगही तीच दिशा धरते. वाहणे, लागणे, पडणे, चालणे, पसरणे, आणि मग बसणे. झरा वाहतो, वाट चालते, छाया पसरते. बसतो तो एकटा औदुंबर. कविता गतीकडून स्थितीकडे जाते, हे वाक्य कुठल्याही मार्गदर्शकात सापडेल. ते व्याकरणात कसे घडवले आहे, हे सहसा सापडत नाही.

मला या कवितेत सर्वांत जास्त गुंतवते ती तिची पायवाट. पाचवी आणि सहावी ओळ. ओळी म्हणताना पहिल्या आठ मात्रांनंतर एक टाळी द्या. आठ मात्रांचे आवर्तन जिथे संपते तिथे शब्दही संपला तर टाळी दोन शब्दांच्या मधे पडते आणि ओळ सुखाने उलगडते. पहिल्या ओळीत टाळी दोन शब्दांच्या मधे पडते. दुसरीत, तिसरीत, चौथीत तेच. सातवीत आणि आठवीतही तेच. पाचवीत मात्र पहिल्या आठ मात्रा 'पांढरी' या शब्दाच्या पोटात संपतात: 'पां' अलीकडे, 'ढरी' पलीकडे. सहावीत कुरणाला जोडून आलेल्या 'मधुन'ची तीच गत. कुरण एका आवर्तनात आणि त्याचे शब्दयोगी दुसऱ्यात. आठ ओळींत पहिली टाळी शब्दाला कापते ती फक्त या दोन ओळींत, आणि या दोनच ओळी वाकड्यातिकड्या पायवाटेच्या आहेत. पावलाला ठेच लागावी तशी जिभेला इथे ठेच लागते.

बालकवींनी हे मुद्दाम केले का? मला ठाऊक नाही, आणि फारसे महत्त्वाचेही वाटत नाही. हा ढिलेपणा नव्हे, एवढे मात्र दाखवता येते. सोळा मात्रांनंतरची दुसरी टाळी घ्या. ती आठही ओळींत, पायवाटेच्या दोन ओळींतसुद्धा, शब्दांच्या मधेच पडते. म्हणजे शब्द न कापता ओळ रचणे कवीला सहज जमत होते. जिथे कापला गेला तिथे त्याने तो जोडून घ्यायची खटपट केली नाही. त्याच्या कानाला तिथे तेच बरोबर वाटले असणार. कवीच्या कानावर आपण एवढा भरवसा टाकायला हरकत नसावी.

पाचव्या ओळीत आणखीही एक गंमत आहे. ट, ड, ढ ही मूर्धन्य अक्षरे या ओळीत पाच वेळा येतात. इतकी दुसऱ्या कुठल्याही ओळीत नाहीत. जीभ टाळूला पुन्हा पुन्हा आपटते, खड्यांवरून चालल्यासारखी. उलट 'ळ' हे अक्षर या ओळीत एकदाही नाही. कवितेत एकूण नऊ 'ळ' आहेत आणि ते बहुधा ओलाव्याच्या, गर्दपणाच्या शब्दांत आहेत: हिरवाळीत, निळ्यासावळ्यात, मळ्यात, काळ्यात, जळात. सातव्या ओळीत, म्हणजे पाणी झाकळते तिथे, तीन 'ळ' एकामागून एक येतात. संस्कृतच्या नेहमीच्या वर्णमालेत न सापडणारे हे अक्षर मराठीच्या पाण्याला किती मानवते, हे ऐकायला 'औदुंबर'इतकी छोटी आणि नेमकी जागा मला दुसरी माहीत नाही. वाटेचे अक्षर ड आणि पाण्याचे ळ. सहाव्या ओळीच्या शेवटी वाट डोहाशी पोचते तेव्हा दोन्ही अक्षरे शेजारी येतात.

अक्षरांचा नाद थेट अर्थ सांगतो असे मात्र मी म्हणत नाही. 'ड'ला स्वतःचा असा खडबडीत अर्थ नाही. 'गोड' या शब्दातही तो आहेच. नाद अर्थाच्या मागून चालतो आणि अर्थाने बोट दाखवले तिकडे जोर लावतो. वाटेविषयी ओळ नसती तर त्या पाच अक्षरांनी आपल्याला काहीच सांगितले नसते. हे भान सुटले की रसग्रहणाचे ज्योतिष होते.

आता जोडाक्षरे. पंडित कवींच्या वृत्तबद्ध रचनेत गुरू मिळवण्याचा एक हुकमी मार्ग म्हणजे जोडाक्षर. त्याचा आघात मागच्या अक्षरावर येतो आणि मात्रा भरून निघते. मोरोपंतांचे काम जोडाक्षरांवाचून दोन ओळीही चालले नसते. 'औदुंबर'च्या आठ ओळी चाळून पाहा. 'य' मिसळलेली तीन मऊ रूपे सोडली, जिथे आघात येतच नाही, तर एकही खरे जोडाक्षर नाही. चौथ्या ओळीत एक हमखास येणार होते, 'गर्दी'. कवीने ते सोडवून 'गरदी' केले. आपण पटकन म्हणतो की मात्रांसाठी केले असेल. पण 'गर्दी'च्या मात्रा चार आणि 'गरदी'च्याही चारच. वृत्ताला या बदलाची गरज नव्हती. गरज कानाला होती. सगळी कविता धक्क्याविना सरकत असताना मधेच रफाराचा झटका नको होता. तोच शब्द सैल केल्यावर शेजारच्या 'हिरवी'ला जोडीदार मिळतो: दोन लघू आणि एक गुरू, पुन्हा दोन लघू आणि एक गुरू. पाचव्या ओळीच्या शेवटच्या तुकड्याचा सांगाडाही अक्षरशः हाच आहे.

सांगाड्यांची गोष्ट निघालीच आहे तर ओळींचे तिसरे तुकडे, म्हणजे सोळा मात्रांनंतरचा भाग, एकाखाली एक मांडून पाहू. पहिल्या ओळीत दोन लघू, तीन गुरू, दोन लघू. दुसरीत बेटांपाशी सलग चार गुरू; झरा तिथे संथ होतो आणि ओळही. तिसरीत गुरू-लघू, गुरू-लघू अशी दुडकी चाल, टेकडीकडे निघालेली. चौथी आणि पाचवी सारख्या. सहावीत पुन्हा सलग चार गुरू, आणि ते काळ्या डोहाशी. सातवीत दोन लघू, तीन गुरू, दोन लघू. आठवीतही दोन लघू, तीन गुरू, दोन लघू. म्हणजे पहिल्या ओळीचा साचा मधल्या पाच ओळी गायब असतो आणि शेवटच्या दोन ओळींत जसाच्या तसा परत येतो. कान हे मोजत नाही, पण ओळखतो. झाडाचे नाव आले की वाटणारे 'जमले!' हे समाधान पुष्कळसे या ओळखीचे असते.

पहिल्या ओळीतून शेवटी परत येणारी वस्तू हा साचा एवढीच नाही. पहिल्या ओळीत तट दोनदा येतो, दोन्हीदा 'वर' हे अव्यय घेऊन. सातव्या ओळीच्या टोकाशी लाटांनाही तेच 'वर' लागते. आधीचे 'टा'सुद्धा आयते मिळते. आणि त्याच्याशी यमक जुळते ते झाडाच्या नावातल्या 'बर'शी. म्हणजे शेवटच्या यमकाची सुपारी पहिल्या ओळीतच दिलेली होती. स्वरांकडे पाहिले तर कवितेचे पहिले अक्षर 'ऐ' आहे आणि शेवटच्या शब्दाचे पहिले अक्षर 'औ'. 'ऐ' पुढे 'पैल'मध्ये आणखी दोनदा ऐकू येतो. 'औ' मात्र आठ ओळींत एकदाच येतो, झाडासाठी राखून ठेवल्यासारखा. तोंड गोल करून उघडणारा हा स्वर, लगेच 'दुं'मध्ये येणारे गुंजन, मग 'ब'ला मिटणारे ओठ. 'उंबर' हा रोजचा शब्द इथे बसला नसता, आणि त्याचे कारण केवळ दोन मात्रा कमी पडल्या असत्या एवढेच नाही. 'औ'ने मिळणारी ऐसपैस बैठक गेली असती.

मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये लयीची तीन तत्त्वे मांडली: संवाद, विरोध आणि समतोल. त्यांचे सौंदर्यशास्त्र सगळेच मला पटते असे नाही. साहित्यातल्या लयीला त्यांनी भावनांच्या पातळीवर नेले, तिथे माझी वाट थोडी वेगळी होते. पण ही तीन तत्त्वे नुसत्या कानाने पडताळायची असतील तर 'औदुंबर' बरा नमुना आहे. पहिल्या आणि शेवटच्या द्विपदीत संवाद, मधल्या चार उघड्या ओळींचा त्यांच्याशी विरोध, आणि आठ ओळींचा मिळून समतोल.

आता सातव्या ओळीतल्या एका शब्दाकडे वळू. 'गोड' हा शब्द जळ आणि काळिमा यांच्या मधोमध उभा आहे. गोड काय? गद्यात वाचले तर दोन्हीकडे ओढता येतो. पाणी गोड असते, हा तर रोजचा व्यवहार. काळिमा गोड असणे हे विचित्र. शिवाय काळिमा हा शब्द आपण लागतो, फासला जातो अशाच संदर्भात वापरतो. पण टाळी देऊन ओळ म्हणा. पहिल्या आठ मात्रा पाण्याशी संपतात. टाळी तिथे पडते. 'गोड' दुसऱ्या आवर्तनाच्या तोंडाशी येतो आणि काळिम्याला घेऊनच आठ मात्रा पुऱ्या करतो. इथे वृत्त अर्थ ठरवते. पाण्याशी गोडाचा संबंध तोडून ते त्याला अंधाराशी बांधते.

ज्यांना हा औदुंबर उदास, मरणाच्या काठी बसलेला वाटतो, त्यांना या आठ मात्रांशी हिशेब करावा लागेल. काळेपण आहे, ते कुणी नाकारत नाही. हिरव्याची तीन पावले टाकून, मधे एकदा पांढऱ्याला शिवून कविता काळ्याशी येते आणि तिथे दोनदा थांबते. पण त्या काळ्याला चव आहे, आणि ती गोड आहे. शिवाय झाडाने घेतलेली बैठक पाहा. उन्हाळ्यात खानदेशातल्या ओढ्याकाठी चालून दमलेला माणूस दुसरे काय करतो? पाण्यात पाय सोडून बसतो. यात दुःख कुठे आहे? मला तरी हे भरल्या पोटाचे, दिवसभराचे काम उरकल्यानंतरचे बसणे वाटते. उंबर पाण्याच्या आसऱ्यानेच वाढतो. विहिरीची जागा दाखवणारे पानाडी अजूनही उंबर पाहून अंदाज बांधतात. त्याचे पाण्यात असणे म्हणजे त्याचे घरी असणे. दत्तसंप्रदायाने या झाडाला दिलेले पावित्र्य वाचकाच्या मनात असतेच, आणि 'औदुंबर' हे संस्कृत रूप ते जागेही करते. कविता मात्र देवाचे नाव काढत नाही.

सातव्या आणि आठव्या ओळी मिळून एकच वाक्य आहे. पाणी झाकळून त्यावर सावली पसरतो कोण, याचा कर्ता सातव्या ओळीत नाही. ओळ संपते, पाच मात्रांची रिकामी जागा येते, आणि आपण कर्त्याची वाट पाहत त्या जागेत उभे असतो. आधीच्या सहा ओळींत ओळीबरोबर विधानही बहुधा टेकत होते किंवा पुढच्या ओळीत सरळ ओघळत होते. इथे प्रथमच क्रियापद येऊनही वाक्य कर्त्यावाचून लोंबकळत राहते. आठव्या ओळीतही कवी घाई करत नाही. पाय, पाणी, बसणे. आणि नावाच्या उंबरठ्यावर 'असला' हा एक शब्द. बसण्याच्या क्रियापदाशी त्याचे 'सला, सला' असे आतल्या आत यमक जुळते. 'असला' बोलीतला शब्द. अशा जागी जुन्या वळणाच्या कवीने 'ऐसा' लिहिले असते आणि कवितेचा पाय घसरला असता. असला म्हणजे कसला, याचे उत्तर कवितेत दिलेले नाही. झाडाचे पान नाही, खोड नाही, खोडाला लगडलेली फळे नाहीत, पक्षी नाही. त्या ओळीत रंगसुद्धा नाही. आधीच्या सात ओळींनी जे घडवले तेच त्याचे वर्णन, असे बोट मागे दाखवून कवी मोकळा होतो.

कौतुकात एवढे बुडाल्यावर दोन खोडीही काढतो. पाचव्या ओळीतले 'तयांतुन' मला खटकते. इतकी ताजी, बोलीतली मराठी चालू असताना हे जुन्या कवितेतले ठिगळ मात्रा भरायला आले आहे. 'त्यांतुन' म्हटले असते तर एक मात्रा कमी पडली असती, म्हणून ते खपवून घेतले आहे. आणि तिसऱ्या ओळीतले 'चिमुकले' हा बालकवींचा लाडका शब्द. चार घरे म्हटल्यावर गावाचा आकार कळला होता. वर लाड करायची गरज नव्हती. 'कडे' आणि 'पुढे' हे यमकही कडक मोजमापाने ढिलेच. पण ही ढिलाई मला आवडते. चारही मधल्या ओळी एकाच अंत्य स्वरात ओवल्या जाण्यासाठी ती लागते.

कवितेत माणूस नाही, आवाज नाही, वारा नाही. गर्दी आहे ती शेतांची. घरे आहेत, पण धूर नाही. वाट माणसांच्या पायांनीच पडली असणार, पण तीवर कुणी दिसत नाही. आठ ओळींत ऐकू येणाऱ्या एकाही गोष्टीचे वर्णन नाही, आणि तरी ही कविता मराठीतल्या सर्वांत जास्त ऐकण्याजोग्या कवितांपैकी एक आहे. निसर्गाचे आवाज तिने शब्दांत सांगितले नाहीत, म्हणून शब्दांचे आवाज इतके स्वच्छ ऐकू येतात.

शेवटी म्हणण्याविषयी. वर्गात ही कविता सामुदायिक चालीत म्हणतात तेव्हा शेवटचा 'र' ओढून 'औदुंबऽऽर' करतात आणि ओळींमधले थांबे गिळतात; दोन्ही टाळावे. मध्यम लयीत सुरुवात करावी, पाचव्या ओळीतली ठेच सारवून घेऊ नये, सातव्या ओळीनंतर पाचही मात्रा राखाव्यात आणि शेवटचा शब्द न ताणता, नेहमीच्या बोलण्यातल्यासारखा टेकवावा. मराठीच्या शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे: 'औदुंबर'चा पहिला तास फळ्यावर मात्रा मांडून आणि मुलांना टाळ्या द्यायला लावून घ्या. अर्थाच्या नोट्स दुसऱ्या दिवशी दिल्या तरी चालतील.